सनईची लांबची बहीण

लग्न म्हटलं की आपल्याला सनई आठवते. तिची एक लांबची बहीण फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत आहे. तिचं नाव बोंबार्द. पाच-सहाशे वर्षांपूर्वी युरोपात मिरवणुकीत शॉम नावाचं खणखणीत वाद्य वाजायचं. बोंबार्द त्याच घराण्यातली. पत्ती सनईसारखीच दुहेरी, आवाज मात्र अधिक कडक.

ती फुंकायला दम फार लागतो. म्हणून जोडीला बिन्यू, हवेच्या पिशवीचं वाद्य. बोंबार्दवाला श्वास घ्यायला थांबला, की बिन्यूवाला चाल पुढे नेतो. लग्नाच्या वरातीत हीच जोडी पुढे असे.

विसाव्या शतकात अकॉर्डियन आलं, नाच बदलले, या वाजंत्र्यांना बोलावणी येईनात. तेव्हा १९४३ साली वादकांनी आपली संघटना बांधली. पोरांना शिकवलं. बोंबार्द, स्कॉटलंडची बॅगपाइप आणि ढोल यांची ‘बागाद’ नावाची पथकं गावोगाव उभी राहिली. आज त्यांत मुलीही वाजवतात.

एकट्याचा दम संपतो, तिथे जोडीदार सूर धरतो. हे आपल्या गटांना नव्यानं सांगायला नको. पण आपल्या गावच्या सनईवाल्यांकडे आज कुणी शिकतंय का? पुढच्या बैठकीत एवढं विचारू या.