काळा घोडा ते ई. मोझेस रोड : सायकलवरून ज्यूंची आणि युद्धाची मुंबई

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला हिटलर, लंडन, फार तर ब्रह्मदेशाची आघाडी आठवते. पण या युद्धाच्या खुणा आपल्या मुंबईतही आहेत आणि त्या इथल्या ज्यू वारशाला अगदी लागून आहेत. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. सायकल काढा. साधारण नऊ-दहा किलोमीटरची फेरी आहे.

सुरुवात काळा घोडा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो आता राणीबागेत आहे. तो शहराला दिला होता अल्बर्ट ससून यांनी. त्यांचे वडील डेव्हिड ससून बगदादमधला छळ चुकवून १८३०च्या दशकात मुंबईत आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. हो, अफूच्याही, ते लपवायचं कारण नाही. त्याच पैशातून शाळा, दवाखाने, वाचनालयं उभी राहिली. समोरचं डेव्हिड ससून ग्रंथालय आपण रोज बघतो. मागच्या गल्लीतलं १८८४चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग मात्र कित्येकांनी पाहिलेलंच नसतं.

आता सीएसएमटीवरून मस्जिद बंदरला या. मस्जिद स्टेशनचं नाव कुठल्या मशिदीवरून पडलं? बरेच जण म्हणतात, मशिदीवरून नाहीच, सिनेगॉगवरून! लोक त्यालाही मशीदच म्हणायचे. सॅम्युएल स्ट्रीटवरचं हे 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार, १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. आडनाव वाचलंत ना? दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेतले हे अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटले आणि नवस फेडायला सिनेगॉग बांधलं, असं सांगतात. हे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. घरात मराठी, आडनावं पेणकर, नवगावकर.

इथून गोदी जवळच. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि त्यावर कापसाच्या गाठी. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान गेले, आसपासच्या वस्त्या बेचिराख झाल्या. सरकारने बातमी दाबून ठेवायचा प्रयत्न केला. डॉकच्या आत आज जाता येत नाही, पण भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्या जवानांचं स्मारक आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

भायखळ्यातच डेव्हिड ससून यांनी बांधलेलं १८६४चं मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. शेजारी त्याच घराण्याच्या नावाची शाळा. एके काळी ज्यू मुलांनी भरलेल्या या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत.

याच मुंबईत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही राहिले. आकाशवाणीची ती ओळखीची धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन त्यांच्यातले. पुढे हुसेन, रझा, आरा यांच्यासारख्या चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेले समीक्षक रूडी व्हॉन लायडन आणि संग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगरही त्यातलेच. सरकारला भीती, हे लोक बोजा होतील. म्हणून इथल्या ज्यूंनी १९३४ला मदत संस्था काढली, निर्वासितांसाठी हमी दिली.

आणि सप्टेंबर १९३९ला युद्ध पेटताच काय झालं? जर्मन पासपोर्ट आहे म्हणून यातल्या अनेक पुरुषांना 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' ठरवून पकडलं. नाझींपासून पळालेला माणूस आणि नाझी, दोघे अहमदनगरच्या एकाच छावणीत! चौकशी समिती बसली, बरेच ज्यू सुटले. पण काही कुटुंबांना पुढे पुरंदरवरही स्थानबद्धतेत राहावं लागलं. कागद बघितला, माणूस बघितला नाही.

शेवटचा थांबा महालक्ष्मीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. तारखा जुळवून बघा. १९३५च्या कायद्याने जर्मनीने आपल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईने एका कोकणी ज्यू डॉक्टरला पहिला नागरिक केलं होतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात पंचवीस-तीस हजार ज्यू होते, आज जेमतेम चार-पाच हजार. त्यांना इथून कुणी हाकललं नाही, बहुतेक स्वतःहून इस्रायलला गेले. तिकडे जाऊनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आपण मात्र त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून रोज जातो आणि 'हे मोझेस कोण?' एवढंही विचारत नाही.

महापालिकेने या रस्त्यांवर चार ओळींची पाटी लावली तर खर्च किती येणार? पाटी लागेल तेव्हा लागेल. तोवर एका रविवारी मुलांना घेऊन ही फेरी मारा. ओळखपत्र जवळ ठेवा, सिनेगॉगमध्ये परवानगी घेऊनच जा. आणि घरात कुणी आजी-आजोबांकडून गोदीच्या स्फोटाबद्दल किंवा शेजारच्या पेणकर-दिवेकरांबद्दल ऐकलं असेल, तर आजच लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.