फ्लर्टिंग, किशोरवयातील

समोरची व्यक्ती आवडते हे थेट न सांगता हसण्याबोलण्यातून, नजरेतून किंवा मेसेजमधून सुचवणे आणि तिच्याकडून तसाच प्रतिसाद येतो का याचा अंदाज घेणे, याला फ्लर्टिंग म्हणतात. मुले ज्याला ‘प्रपोज करणे’ म्हणतात ती उघड कबुली ही त्यापुढची पायरी आहे. पाठलाग, शेरेबाजी, अंगचटीला जाणे या गोष्टी फ्लर्टिंगमध्ये मोडत नाहीत, मग करणारा स्वतःच्या समर्थनासाठी हा शब्द कितीही वापरो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय मानते. या वर्षांत मुले हे वागणे प्रथम करून पाहतात, ओळखायला शिकतात आणि त्यात चुकतातही.

हा प्रकार मोबाइलबरोबर आलेला नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात पाणपोईवरचा एक प्रसंग आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे आणि त्याची नजर वर, पाणी घालणाऱ्या तरुणीकडे आहे. पिणे लांबावे म्हणून तो बोटे विरळ करून पाणी गळू देतो; ती धार आणखी बारीक करत जाते. एक शब्दही न बोलता दोघांचे बोलणे झाले आहे, आणि कोणी हटकलेच तर दोघांपाशीही सांगायला कारण आहे. या प्रसंगात सगळे वजन धार बारीक होण्याला आहे. ती झाली नसती, तर वाटसरू नुसता टक लावून बघणारा माणूस ठरला असता.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०९ मध्ये या विषयावर लिहिताना होकार आणि नकार यांच्यामध्ये रेंगाळण्यालाच महत्त्व दिले. त्याचा रोख मुख्यतः स्त्रियांच्या वागण्यावर होता, ही त्या लिखाणाची मर्यादा. संदिग्धतेमागचे कारण मात्र त्यातून कळते: काहीच स्पष्ट बोललेले नसल्यामुळे कोणालाही मान खाली न घालता माघार घेता येते. पंधराव्या वर्षी, वर्गातल्या चाळीस-पन्नास डोळ्यांसमोर, ही सोय फार मोलाची असते.

संदिग्धतेची दुसरी बाजू म्हणजे चुकीचा अर्थ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँटोनिया अॅबी यांच्या १९८२ च्या प्रयोगात एकच संभाषण पाहून पुरुषांनी स्त्रीच्या साध्या मोकळेपणात स्त्रियांपेक्षा जास्त लैंगिक रस वाचला. अमेरिकन संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी महाविद्यालयीन मुलामुलींना जोडीने दहाएक मिनिटे गप्पा मारायला लावल्या. समोरचा फ्लर्ट करत नाही, हे ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखले गेले. करतो आहे, हे मुलग्यांनी ३६ टक्के आणि मुलींनी अवघ्या १८ टक्के वेळा ओळखले. समोर बसून बोलणाऱ्या तरुणांची ही गत, तर आठवी-नववीतल्या मुलांचे अंदाज चुकले म्हणून त्यांना मूर्ख किंवा वाया गेलेले ठरवण्यात अर्थ नाही.

किशोरवयीन फ्लर्टिंगचे मोठे वेगळेपण म्हणजे ते क्वचितच दोघांपुरते असते. अमेरिकन संशोधक मोनिका मूर यांनी १९८५ मध्ये प्रौढ स्त्रियांच्या प्रणयसूचक हालचालींची यादी केली आणि नंतर १९९५ मध्ये १३ ते १६ वयाच्या मुलींचे निरीक्षण केले. मुलींमध्ये या हालचाली कमी दिसल्या, पण दिसल्या त्या ठळक आणि खेळकर होत्या. शिवाय गटातल्या एखाद्या पुढाकार घेणाऱ्या मैत्रिणीकडे बघून बाकीच्या तसेच करत. आपल्याकडच्या वर्गातही हेच चालते. ‘तो बघ, तुझ्याकडे बघतोय’ हे मैत्रीण सांगते. हजेरीला एकीचे नाव येताच मागच्या बाकावरून कोणी खोकते आणि दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा बसतो. स्वतःची वही पूर्ण असताना ‘विज्ञानाची वही दे ना’ म्हणून मागितली जाते, आणि परत देताना ती जरा जास्तच जपून दिली जाते. ‘लाइन मारतोय’, ‘ती भाव देत नाही’, ‘तिचा क्रश आहे’ ही गटाची भाषा असते आणि निवाडाही बहुधा गटच करतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत, आणीबाणीच्या काळातल्या नववीत, जोशीचे शिरोडकरवरचे प्रेम असेच मित्रांच्या टोळक्यात वाढते.

चिडवण्याचा प्रश्न इथेच येतो. दोन नावे जोडून चिडवणे कधी त्या दोघांना एकमेकांकडे बघायचे निमित्त देते, तर कधी मुळात काही नसलेल्या मुलीला शाळा नकोशी करते. मित्रांनी ढकलून पुढे केलेला मुलगाही यात अडकतो. त्याला बोलायचे नसते, पण मागे फिरलो तर ‘फट्टू’ ठरू, ही भीती असते. मुलगा मुलाला किंवा मुलगी मुलीला आवडत असेल, तर गटाचा आधारही नसतो. तिथे साधी नजरसुद्धा जोखीम ठरते.

फोनमुळे आडोसा वाढला आणि कमीही झाला. स्टोरीला दिलेला रिप्लाय, जुन्या फोटोवर मध्यरात्री पडलेला लाइक, ‘जेवलीस का?’, निळ्या टिका येऊनही न आलेले उत्तर, या प्रत्येकाचा अर्थ मैत्रिणींच्या ग्रुपवर लावला जातो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१५ च्या अहवालात १३ ते १७ वयाच्या अमेरिकन मुलांपैकी निम्म्यांनी सोशल मीडियावर मैत्री जोडून आपला रस सुचवला होता. त्याच अहवालानुसार कोणाच्या फ्लर्ट करण्याने अस्वस्थ होऊन त्याला ब्लॉक केलेल्या किंवा यादीतून काढलेल्या मुली ३५ टक्के होत्या, मुलगे १६ टक्के. लिहिलेल्या शब्दाचा स्क्रीनशॉट निघतो. मग ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ ही सवलत राहत नाही, आणि खेळकर म्हणून टाकलेला बदाम दुसऱ्या दिवशी अख्ख्या ट्युशनला माहीत असतो.

‘आवडत्या मुलाने केले तर फ्लर्ट, नावडत्याने केले तर छेड’ अशी मुलग्यांची तक्रार असते. ती तक्रार म्हणून मांडली जाते, पण त्यात सांगितलेला नियम बरोबरच आहे. कृतीला फ्लर्टिंग ठरवतो तो प्रतिसाद, आणि प्रतिसाद देणे-न देणे हा समोरच्याचा अधिकार आहे. पहिला प्रयत्न चुकला तर तो गुन्हा होत नाही; नापसंती दिसल्यावर केलेला पुढचा प्रयत्न मात्र त्रास असतो. खाली गेलेली मान, एका शब्दाची उत्तरे, बदललेला रस्ता, ही नापसंतीच. आपल्या चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या याच्या उलटे शिकवले: नायक मागे लागतो आणि शेवटी नायिका मानते. शिक्षक, क्लासचे सर, व्हॅनचालक किंवा कोणत्याही प्रौढाने अल्पवयीन मुलीशी वा मुलाशी असे वागणे फ्लर्टिंगच्या व्याख्येत बसतच नाही, कारण तिथे नाही म्हणण्याची मोकळीक बरोबरीची नसते. मुलीला ते त्या वेळी आवडले असले तरी हे बदलत नाही.

मोकळीक सर्वांना सारखी नाही. मुलाचे बघणे ‘वयच आहे’ म्हणून सोडले जाते. मुलगी हसली तर तिचे चारित्र्य निघते. जात आली की किंमत आणखी वाढते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या वरच्या जातीतल्या शालूशी बोलत नाही, तिला वश करण्यासाठी काळी चिमणी जाळून तिची राख मिळवायच्या मागे तो असतो. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची स्वतः पुढाकार घेते, बेधडक बघते, आणि शेवटी तिचा व तिच्या प्रियकराचा जीव जातो. जिथे साध्या ओळखीलाही परवानगी नाही, तिथे संकेत आणि चेटूक यांत फारसे अंतर उरत नाही.

भारतीय कायद्यात फ्लर्टिंग हा शब्द नाही, पण रेषा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणाऱ्या पुरुषाला पाठलागाचा दोषी धरते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, आणि लैंगिक हेतूने बालकाच्या सतत मागे राहणे किंवा संपर्क साधणे हा लैंगिक छळ आहे, मग तो प्रत्यक्ष असो वा फोनवरून. १६ वर्षांच्या मुलीचे केस ओढून तिला ‘आयटम’ म्हणणाऱ्या तरुणाला मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये दीड वर्षाची शिक्षा दिली. उलट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, केवळ ‘आय लव्ह यू’ म्हणण्यातून लैंगिक हेतू सिद्ध होत नाही, असे सांगून एका आरोपीला सोडले. त्या प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलीला वाटेत अडवून तिचा हात धरल्याचा आरोप होता. न्यायालय हेतू तपासते. वाटेत अडवलेली मुलगी आधी घाबरते, आणि तिच्या लेखी प्रश्न तिथेच मिटलेला असतो.

शाळांसाठी नॅन स्टाइन आणि लिसा शोस्ट्रॉम यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत ‘फ्लर्टिंग ऑर हर्टिंग?’ ही शिक्षक-मार्गदर्शिका तयार केली. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच प्रसंग तपासून फरक शोधावा, अशी तिची रचना आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुलामुलींचे बाक वेगळे करणे आणि चिठ्ठी सापडली की पालकांना बोलावणे एवढ्यावर काम भागते. तक्रार करणाऱ्या मुलीचाच फोन काढून घेतला जातो, कधी शाळा सुटते. म्हणून मुली घरी सांगत नाहीत. आधी मैत्रिणीला सांगतात. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी त्यांच्यासाठी चोवीस तास चालू असते. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो मुलगाही १८ वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.