टीसीएलचं कूळ आणि पाण्याचं मूळ

मढीला कानिफनाथांची यात्रा भरली की तिसगावच्या रस्त्याला माणसांचा पूर येतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे हे दिवस म्हणजे पाथर्डी तालुक्यात पाण्याची ओढ सुरू होण्याचे दिवस. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच हजारो माणसं वाढीव प्यायला असतात. अशा वेळी ग्रामपंचायतीचा पाणीवाला, कागदोपत्री ‘जलसुरक्षक’, एक साधं काम नेमानं करतो. प्लास्टिकच्या बादलीत पांढरी भुकटी घेतो, थोड्या पाण्यात ती कालवतो, मग बादली भरून ढवळतो आणि दहा मिनिटं थांबतो. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत जाते. खालचा साका टाकून द्यायचा, तो गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं पाणी काचनळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब सोडायचे. पिवळी झाक आली की पाणी प्यायला मोकळं.

या भुकटीचं नाव पोत्यावर, दप्तरात आणि साऱ्यांच्या तोंडी एकच: टीसीएल. शब्द रोजचा, पण त्याची फोड फार थोड्यांना माहीत असते. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण प्रदेशासाठीची चुन्याची क्लोरिन भुकटी. साधी ब्लीचिंग पावडर उन्हाच्या मुलखात लवकर मरते, तिच्यातला क्लोरिन उडून जातो. म्हणून तिच्यात कळीचा चुना मिसळून ती टिकाऊ केली. ‘टी’ या अक्षरात आपलं ऊन आहे.

या भुकटीचा जन्म मात्र पाण्यासाठी झालेला नाही, कापडासाठी झाला. १७७४ साली कार्ल शेले या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञाने क्लोरिन वायू वेगळा केला. त्या काळी युरोपात कापड पांढरं करायचं तर ते आंबट ताकात भिजवून महिनोन् महिने माळावर उन्हात पसरावं लागे. स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली कोरड्या चुन्यात क्लोरिन मुरवून भुकटी करण्याचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. म्हणजे टीसीएलचं माहेर परटाघरचं.

तिथून ती माणसाच्या जिवाशी आली. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांना याच भुकटीच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्यानं घटले. १८९७ साली इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा गावाचे नळ याच भुकटीनं धुतले गेले. १९०८ पासून अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात ती रोज पडू लागली. कोणत्या पाण्याला किती भुकटी लागेल हे ठरवण्याची पद्धत विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने बसवली. विहिरीच्या पाण्याची ‘हॉरॉक्स टेस्ट’ म्हणतात ती हीच. घरगुती विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने दुहेरी मडक्याची युक्ती काढली: १ किलो भुकटी आणि २ किलो जाडी वाळू ओलसर करून आतल्या मडक्यात भरायची, दोन्ही मडक्यांना भोक ठेवायचं आणि जोडी विहिरीत टांगायची. सुमारे ४,५०० लिटरच्या विहिरीला दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरिन मिळत राहतो.

इथवरची कूळकथा उपकाराची. पण या घराण्याची आणखी एक शाखा आहे. १८३१ च्या सुमाराला अमेरिकेत सॅम्युअल गथ्री, फ्रान्समध्ये सुबेरां आणि जर्मनीत लीबिग अशा तिघांनी, एकमेकांना न विचारता, एक गोडसर वासाचा द्रव तयार केला. गथ्रीने तर ब्लीचिंग पावडर आणि मद्यार्क एकत्र तापवूनच तो काढला. तो द्रव क्लोरोफॉर्म. सेमेलवाइस हात धुवायला लावत होता त्याच १८४७ साली एडिंबराच्या जेम्स सिम्प्सनने तो बाळंतवेणा शमवायला वापरला. भुकटी जवळच्या सेंद्रिय पदार्थाशी भिडली की क्लोरोफॉर्म जन्मू शकतो, हे तेव्हापासून प्रयोगशाळेत ठाऊक होतं. नळाच्या पाण्यातही तेच घडत असेल, हे मात्र पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं कुणी दाखवलं नाही.

कारण तितकं बारीक दिसतच नव्हतं. लिटरमागे १ मायक्रोग्राम म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरमध्ये फक्त १० मिलिग्रॅम, साखरेचे काही दाणे. ते दिसायला नवे डोळे लागले. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वाफेतले घटक एकेक करून वेगळे काढणारी गॅस क्रोमॅटोग्राफी दिली. १९५७ साली जेम्स लव्हलॉकने क्लोरिनयुक्त पदार्थांचा लवलेशही टिपणारा शोधक बनवला. मग रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातला रसायनतज्ज्ञ योहानेस रूक पुढे आला. बंद बाटलीत द्रवावर साठलेली हवा तपासून बिअरचा गंध मोजण्याची पद्धत त्याने मद्यनिर्मितीतून आणली होती. तीच त्याने नदीच्या पाण्याला लावली. कच्च्या पाण्यात क्लोरोफॉर्म नव्हता, क्लोरिन घातल्यावर तो आला. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी ह्युमिक द्रव्यं आणि क्लोरिन यांची ती संतती होती. रूकचा निबंध १९७४ साली छापून आला, शेलेच्या क्लोरिननंतर बरोबर २०० वर्षांनी.

त्याच वर्षी अमेरिकेत बेलर आणि लिख्टेनबर्ग यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीनं हेच दाखवलं. मग ८० शहरांचं पाणी तपासलं गेलं आणि प्रत्येक ठिकाणी क्लोरोफॉर्म सापडला. युरोपातल्या देशांनी ‘कॉस्ट ६४बी’ नावाचा सामाईक प्रकल्प चालवला. पाण्यातले सूक्ष्म सेंद्रिय प्रदूषक कसे मोजायचे, एवढाच त्याचा विषय. १९८१ साली आयर्लंडमधल्या किलार्नीत ही मंडळी जमली, तेव्हाही कामाचं सूत्र तेच होतं: एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला पटला पाहिजे. पाण्याच्या एका थेंबाचं मोजमाप देशोदेशी एकच निघालं, तरच त्यावर कायदा उभा राहतो. आज आपण ज्याला प्रमाण म्हणतो, ते अशा जुळवलेल्या आकड्यांवर टेकलेलं आहे.

ते प्रमाण तिसगावापर्यंत पोचलेलं आहे. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत दोन ओळी आहेत. पिण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. क्लोरोफॉर्म लिटरला जास्तीत जास्त ०.२ मिलिग्रॅम चालेल. आकडा एकच. आईला त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, लेकीला त्याच्या वर.

यातून कुणी टीसीएल टाकायचंच बंद करा असं म्हणू लागलं, तर तो जीवघेणा अर्थ होईल. पटकी काही तासांत माणूस नेते. क्लोरोफॉर्मचा धोका वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आणि त्यामानाने फार लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच बजावते की या उपपदार्थांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात कसूर नको. रूकच्या शोधानं सांगितलं ते वेगळंच: दोष भुकटीचा कमी, पाण्यात कुजणाऱ्या पाल्याचा जास्त.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपण म्हणतो. पिण्याच्या पाण्याबाबत मात्र दोन्ही शोधावं लागतं. यात्रेआधी विहिरीतला गाळ उपसावा, कडेचा पाला झाडावा, टाकी आतून घासावी आणि मगच निवळी ओतावी. चांगल्या भुकटीची हजार लिटरला अडीच ग्रॅम मात्रा पुरते ती स्वच्छ पाण्यालाच. गढूळ पाणी आधी क्लोरिन खातं, मग आणखी मागतं आणि बदल्यात नको ते देतं. पाणीवाल्याच्या हातात टीसीएलच्या पोत्याबरोबर गाळ उपसायचं घमेलंही असायला हवं.