ताम्रपट, महजर आणि ब्लॉकचेन

१९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीयाच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, दानाची आज्ञा प्राकृतात आहे. प्रामाण्य मात्र सर्वस्वी राजाचे. मराठेशाहीतील गोतसभेचा महजर याहून निराळा. पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंतच्या निशाण्या हेच त्याचे बळ होय. निवाडा देणारे गोतच पुढे साक्षीलाही उभे राही.

विकेंद्रित स्वशासनाचा दावा सांगणाऱ्या ब्लॉकचेनची नोंदवहीही एका दफ्तरात नसून सर्व सहभागी संगणकांवर असते. परंतु तेथील सही अनोळखी, केवळ गुप्त किल्लीची. २०१६ मध्ये ईथेरियमवरील ‘द डाओ’ या सामाईक निधीतून, संहितेतील दोषाचा लाभ घेऊन, सुमारे ३६ लक्ष ईथर पळविले गेले, तेव्हा बहुसंख्यांनी नोंदवहीच फिरविली. हे न मानणाऱ्यांनी जुनी वही ‘ईथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. गोतसभेचा निवाडा न मानणारा दुसऱ्या थळी दाद मागे. गाव मात्र एकच राही.