मोटारसायकल : चासी व फोर्क यांची अपघातोत्तर तपासणी

समोरून धडक बसलेल्या मोटारसायकलचा टँक वा दिवा कितीही चेपलेला असो, खरी चौकशी हँडलच्या मानेपासूनच आरंभावी. कारण आघाताचा सर्व भार फोर्कमार्गे तेथेच एकवटतो आणि मानेखालील नळीच्या पृष्ठभागावर, बोट फिरविताच जाणवणाऱ्या सुरकुत्यांच्या व तडकलेल्या रंगाच्या रूपाने, आपली नोंद ठेवून जातो. तेथे ताजा रंग आढळल्यास संशय दृढ धरावा.

फोर्क वाकडे दिसले तरी ते केवळ पकडीत पिळले गेलेले असणे संभवते. म्हणून पकडीचे बोल्ट व आस सैल करून, फोर्क दाबून, ते पुन्हा आवळावेत. दोष तरीही राहिल्यास नळ्या काढून व्ही-ठोकळ्यांवर फिरवाव्यात व डायल गेज लावावा. अनेक निर्मात्यांच्या पुस्तिकांत 0.2 मि.मी. ही मर्यादा आढळते. वाकलेली नळी ठोकून सरळ करण्याचा प्रघात सर्वथैव त्याज्य होय, कारण तीवरील क्रोमचा थर तडकतो, सील फाटते आणि धातूचे बळ खचते.

चाकांची समरेषा ताणलेल्या दोरीने पाहावी; मात्र मागील चाक आधी नीट बसविलेले असावे.