उंच माथ्यावरची वीज

मिरग जवळ आला की आमच्या गावात पहिला गडगडाट व्हायचा आणि आजी आतून हाक मारायची, "माडामुळांत उबो रावूं नाका रे!" आम्ही भावंडं अंगणातून पडवीत पळायचो. एका वर्षी शेजारच्या भाटातल्या माडावर वीज पडली. सकाळी पाहिलं तर शेंड्याची चुडतं करपून लोंबत होती. बाजूचे बुटके माड जसेच्या तसे. आजी म्हणाली, "सगळ्यांत उंच होता, म्हणून गेला."

पुढं कित्येक वर्षांनी दिल्लीला कुतुबमिनारापाशी उभा असताना हे वाक्य आठवलं. साडेबाहत्तर मीटरांचा हा मिनार. खालचे मजले लाल दगडाचे, वर मात्र पांढरा संगमरवर दिसतो. कारण वीजच. १३६८ मध्ये वीज पडून वरचा मजला मोडला आणि फिरोजशहा तुघलकानं त्या जागी दोन मजले चढवले. गंमत अशी की, या दुरुस्तीचा नागरी लिपीतला लेख मिनारावरच आहे. त्यात संवत १४२५ चा उल्लेख आहे आणि कारागिरांनी विश्वकर्म्याचं स्मरण केलं आहे. सुलतानाचा मिनार, हिंदू सुतार-पाथरवट आणि दोघांच्याही माथ्यावर तीच वीज!

उंच वस्तूच का सापडते? ढगातून विजेची वाट टप्प्याटप्प्यानं खाली उतरत येते. ती जमिनीच्या जवळ आली की झाडं, कळस, मनोरे यांच्या टोकांवरून तिला भेटायला छोट्या ठिणग्या वर झेपावतात. ज्याची ठिणगी आधी पोचते, त्याच्यावर वीज पडते. उंच टोकाला ही शर्यत जिंकणं सोपं. त्या क्षणी वाटेतली हवा सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापून एकदम फुगते. तोच आपला गडगडाट. दगडाच्या सांध्यांतल्या किंवा झाडाच्या खोडातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि भिंत, खोड आतूनच फुटतं.

युरोपातल्या चर्चच्या मनोऱ्यांनी हे शतकानुशतकं सोसलं. गोव्यात वाढलेल्या माणसाला चर्चची घंटा परकी नाही. पण तिकडे एक समजूत अशी होती की, वादळात घंटा वाजवली की वीज मोडते. कित्येक घंटांवर तसं लॅटिनमध्ये कोरलेलं असे. म्हणजे आकाश गडगडू लागलं की गावातला एक माणूस गावातल्या सर्वांत उंच इमारतीत जायचा आणि भिजलेला दोर हातात धरून उभा राहायचा. १७८४ मध्ये म्युनिकला छापलेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे दगावले. गावाला वाचवायला गेलेली माणसं ती! त्यांच्या श्रद्धेला हसावंसं मला वाटत नाही. त्यांना दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

उपाय अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं सुचवला. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधल्या मार्ली या गावी त्याच्या कल्पनेप्रमाणं उंच लोखंडी सळई उभारून ढगातली वीज खाली उतरवून दाखवली गेली. पुढच्याच वर्षी असाच प्रयोग करताना सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमन हे शास्त्रज्ञ प्राणास मुकले. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला घंटामनोरा १४८९ मध्ये विजेनं पेटला होता, १७४५ मध्ये पुन्हा फुटला. १७७६ मध्ये त्यावर सळई बसवली. विजेला अडवायचं नाही, तिला जमिनीपर्यंत सरळ वाट करून द्यायची, एवढीच ती युक्ती.

विसाव्या शतकात मनोरे इतके वाढले की गोष्टच उलटी झाली. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये पुरी झाली. तिथं मॅकएकरन या अभियंत्यानं १९३५ पासून काही वर्षं कॅमेरे लावून विजा टिपल्या. दिसलं असं की, बहुतेक विजा ढगातून खाली येतच नव्हत्या. इमारतीच्या टोकावरून वर ढगाकडे जात होत्या! या इमारतीवर वर्षाला वीस-पंचवीसदा वीज पडते. 'एकाच जागी वीज दोनदा पडत नाही' ही म्हण तिथं रोज खोटी ठरते म्हणा ना.

असो. हे सगळं कळून शे-दोनशे वर्षं झाली. तरी ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पाऊस पाहायला, फोटो काढायला चढलेली अकरा माणसं विजेनं गेली. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं अशी जातात. त्यांत शेतात राबणारी, झाडाखाली आडोशाला थांबलेली फार.

आजीला ठिणग्यांची शर्यत ठाऊक नव्हती. तिनं भाटातला माड पाहिला होता. आता मिरगाच्या दिवसांत मीच पडवीतून हाक मारतो. शहरातून आलेली नातवंडं हसतात, पण आत येतात.