वर निखारे, खाली निखारे

चैत्र सरून वैशाख लागला, की डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात काळसर जांभळ्या रंगाचा एक नवा वाटा मांडला जातो. सड्यावरची करवंदे पिकलेली असतात. पहाटे उठून काट्याकुट्यांतून ती वेचावयाची, हात ओरबाडून घ्यावयाचे, आणि ऊन तापण्यापूर्वी पानांच्या द्रोणांत भरून ती बाजारात आणावयाची, हा डोंगरकडेच्या बायामाणसांचा उन्हाळ्यातील जुना उद्योग. गोव्यात ह्या फळाला कांटां म्हणतात. त्याच्या जोडीला चुन्नां येतात, जांभळे येतात, आंबट रतांबे येतात आणि साऱ्या बाजाराला वासाने व्यापून टाकणारा फणसही येतो. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की हे वैभव संपते.

यूरोपातही उन्हाळ्याचे वैभव असेच अल्पायुषी असते. तिकडील रानांत आणि बागांत चार आठवडे लहान लहान रसाळ फळे येतात, आणि तेवढ्या दिवसांत घरोघरी एक साधा केक भाजला जातो. पीठ, साखर, लोणी व अंडी एकत्र फेटावयाची, वर मूठभर ताजी फळे पसरावयाची आणि ते भांडे भट्टीत सरकवावयाचे. त्याला सजावट लागत नाही, पाहुण्यांचे निमित्तही लागत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीमुळे ह्या प्रकाराची तोंडओळख आता मराठी घरांनाही झाली आहे. गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे स्ट्रॉबेरी हे मृदुफळ नव्हेच, आणि आपले करवंद मात्र खरेखुरे मृदुफळ आहे. मग डिचोलीसारख्या गावी, जेथे फळ होते, गूळ होता, नारळ होता, आणि चार शतके पोर्तुगीजांची भट्टी नदीपलीकडेच पेटत होती, तेथे हिंदू घरांत असा केक रुजावयास इतका काळ का लागावा? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात गोमंतकाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

प्रथम फळाची हकीकत पाहू. करवंदाची कीर्ती यूरोपला गोव्यातूनच कळली. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने येथील औषधी, फळे व मसाले ह्यांवर संवादरूप ग्रंथ रचला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. ह्या ग्रंथातील एक संवाद वेलदोडा आणि करवंद ह्यांवर आहे. पुढे १७६७ साली लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ह्या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘कारंदास’ हा देशी शब्द कायम राहिला. रानातल्या ह्या फळाने असा जगाच्या विद्वत्तेत प्रवेश केला. ते जगापुढे नेणाऱ्या वैद्याच्या नशिबी मात्र गौरव नव्हता. ओर्ता मूळच्या ज्यू कुळातील. तो १५६८ साली वारला. आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून काढून जाळली. ज्या राज्यात मेलेल्या माणसाचा धर्मही तपासला जाई, तेथे जिवंत माणसाच्या ताटातील घास तपासला गेला, ह्यात नवल नाही.

आता विस्तवाकडे वळू. केक म्हटला की भट्टी हवी, असा सामान्य समज आहे. वस्तुतः भट्टीचे मर्म एवढेच, की तीत पदार्थाला चोहोंकडून आच लागते. तव्याची आच केवळ खालून असते. म्हणून भाकरी उलटावी लागते, घावन उलटावे लागते. जो पदार्थ उलटता येत नाही त्याला वरूनही विस्तव द्यावा लागतो. हे तत्त्व डिचोलीच्या स्वयंपाकघराला अपरिचित नव्हते. कोकणात ज्याला धोंडस आणि गोव्यात धोणस म्हणतात, तो पदार्थ ह्याच तत्त्वावर उभा आहे. तांदळाचा रवा खमंग भाजावयाचा, त्यात गूळ, खवलेले खोबरे आणि रसाळ फणसाचा रस घालून शिजवावयाचे आणि ते मिश्रण तूप लावलेल्या जाड बुडाच्या भांड्यात थापावयाचे. मग भांड्याखाली मंद निखारे ठेवावयाचे आणि झाकणीवरही निखारे पसरावयाचे. नारळाच्या करवंट्या व सोडणे ह्यांचा विस्तव ह्या कामी उत्तम. तो भडकत नाही आणि लवकर विझतही नाही. घटकाभराने झाकण काढले, की वर तांबूस पापुद्रा धरलेला, आत मऊ आणि फणसाच्या वासाने दरवळणारा एक जाड गोड थर तयार असतो. त्याच्या वड्या पाडावयाच्या. काकडी घालूनही हा पदार्थ करतात. उन्हाळी फळाचा भाजलेला केक ह्याहून वेगळा तो काय असतो?

वरखाली विस्तव देण्याची ही युक्ती एकट्या कोकणची नव्हे. गोव्यातील ख्रिस्ती घरांतील बेबिंका हा थरांचा गोड पदार्थ पूर्वापार वरून निखाऱ्यांची आच देऊनच केला जाई. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतावयाचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी जपानात नागासाकीस पोहोचले, तेव्हा त्यांच्याबरोबर अंड्यांचा हलका केकही गेला. जपानी घरांत भट्टी नव्हती. तेथील कारागिरांनी झाकणावर कोळसे ठेवून तो केक साधला, आणि आज ‘कासुतेरा’ ह्या नावाने तो त्यांचाच होऊन बसला आहे. यूरोप व अमेरिकेतही चुलखंडात केक भाजण्यासाठी कडा उचललेल्या झाकणाची लोखंडी भांडी वापरीत. त्या कडेमुळे वरचे निखारे घसरत नसत. तात्पर्य, फळही होते आणि विस्तवही होता. उणीव होती ती गव्हाच्या फुगलेल्या पिठाची. आणि ही उणीव दारिद्र्याची नव्हती, भयाची होती.

ह्या भयाचे मूळ समजण्यासाठी डिचोली तालुक्यातील नार्व्याला जावे. समोर मांडवीच्या पात्रापलीकडे दिवाडी बेट दिसते. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान त्या बेटावर. सोळाव्या शतकात तेथील देवालय उद्ध्वस्त झाले, तेव्हा देव नदी ओलांडून नार्व्यास आला; आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. देव ज्या वाटेने आला, त्याच वाटेने अनेक कुटुंबेही आली. पलीकडे जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांची सत्ता आणि धर्मसत्ता; अलीकडे आधी विजापूरचा, मग मराठ्यांचा आणि सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख. ती नदी हीच दोन ताटांमधील सीमा होती.

पलीकडच्या ताटात पाव होता. आपला ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज आहे, आणि गोव्याचा ‘पोदेर’ हा ‘पादेइरो’ ह्या पोर्तुगीज शब्दाचे कोकणी रूप होय. यूरोपीय किण्व येथे मिळेना, तेव्हा पोदेरांनी माडाची सूर पिठात घालून ते फुगविले. युक्ती नामी खरी. परंतु सोवळ्या घराच्या दृष्टीने ह्या एका पदार्थात तीन दोष एकवटले. ताडीचा अंश, परक्याच्या हातचे पाणी आणि परधर्माचा संस्कार. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील प्रत्येक कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु पावाचा तुकडा हा माणसाला त्याच्या गोतापासून तोडू शकतो, ही भीती मात्र पूर्णपणे खरी होती.

आणि हा पहारा एकाच बाजूने होता असेही नव्हे. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात नव्या ख्रिस्ती लोकांना अनेक जुन्या चालीरीतींची बंदी घातली, त्यांत हिंदूंप्रमाणे भात मिठावाचून शिजविण्याचीही बंदी होती. एका काठावर पावाने माणूस बाटत होता, तर दुसऱ्या काठावर अळणी भाताने संशयित ठरत होता. ही मनोवृत्ती केवळ गोव्याची म्हणावी, तर पुण्याचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांच्या निमित्ताने जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. बिस्किट म्हणजे केकचेच धाकटे भावंड!

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. ज्या नदीने पावाला तीन शतके रोखून धरले, तिने परदेशी फळांना मात्र क्षणभरही अडविले नाही. अननस ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणला. त्याचे नावही तिकडचेच. तो इतक्या वेगाने पसरला, की सतराव्या शतकाच्या आरंभी जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत, फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकते, असे नमूद केले आहे. काजूही त्याच देशाचा. त्याने तर गोव्याच्या डोंगरउतारांचे रूपच पालटले. काजू फिरंग्याचा म्हणून टाकून द्यावा, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

ह्या विसंगतीचे कारण आपल्या आचारधर्मात आहे. फळ झाडावर पिकते. त्याला कोणाच्या हातचे पाणी लागत नाही, कोणाच्या चुलीची आच लागत नाही. ते कच्चे, म्हणून निर्दोष. शिजविलेल्या अन्नात मात्र शिजविणाराची जात, त्याचे पाणी आणि त्याचा विस्तव उतरतो अशी श्रद्धा. अंगणात झाड लावले की फळ आपले होते. पाव आपला व्हावयाचा, तर तो भाजणारा आपला मानावा लागतो. आणि माणसाला आपले मानणे हे झाड लावण्याइतके सोपे नसते.

काळाने ही गाठ हळूहळू सैल केली. १७८१ ते १७८८ ह्या वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश पोर्तुगीजांकडे गेले. परंतु एव्हाना सत्तेचा पूर्वीचा आवेश ओसरला होता. ह्या नव्या काबिजादींत हिंदूंचे आचार मान्य करण्याचे धोरण राहिले. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले, आणि १८८० साली हिंदूंच्या रूढींची संहिताही सरकारने मान्य केली. सक्तीचा धाक गेला, तसा पाव हा केवळ पाव उरला. पोदेराच्या सायकलीचा भोंगा कालांतराने हिंदू वाड्यांतूनही घुमू लागला. दुसरीकडे रसायनशास्त्रानेही हातभार लावला. इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्रेत्याने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, ती यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी. ह्या चूर्णाने आणि खाण्याच्या सोड्याने सुरेची गरजच उरली नाही. आंबट दह्याशी सोड्याचा संयोग झाला, की वायूचे बुडबुडे सुटतात आणि पीठ हलके होते. अंडे नको असेल तर तेही टाळता येते. केक आता घरच्या हाताने, घरच्या पाण्याने आणि घरच्या विस्तवावर होऊ शकत होता.

म्हणून करवंदाचा केक डिचोलीत करणे म्हणजे काही उसनवारी नव्हे. त्याची कृतीही सोपी आहे. वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी साखर, तितकेच आंबट दही आणि पाव वाटी तूप कालवून अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. पूर्ण पिकलेली मूठभर करवंदे देठ काढून धुवावीत, कारण देठाशी चीक असतो. ती चिरून बिया काढाव्यात आणि फोडी कोरड्या पिठात घोळवाव्यात. नाही तर त्या तळाशी बसतात. शेवटी अर्धा लहान चमचा सोडा मिसळून मिश्रण लगेच भांड्यात ओतावे व वर फोडी पसराव्यात. विस्तव वर अधिक, खाली कमी, एवढे धोणसाचे जुने शहाणपण लक्षात ठेवले, की पाऊण तासात काम होते. करवंदाचा आंबटपणा साखरेला तोल देतो, आणि फोडींभोवतीचा भाग गर्द जांभळा होतो.

आज ह्या केकाला धर्माची आडकाठी नाही. अडचण आहे ती निराळीच. गॅसच्या शेगडीला झाकणावर ठेवण्यासारखे निखारे नसतात, म्हणून धोणस मागे पडत चालला आहे. आणि ज्या जांभ्याच्या सड्यांवर करवंदांच्या जाळ्या वाढतात, त्यांच्याच पोटात लोहखनिज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जपानकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले, आणि डिचोली तालुक्यातील कित्येक टेकड्या खणल्या गेल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले, तेव्हा अनेकांच्या चुली विझण्याची वेळ आली हेही विसरता येत नाही. पोटाचा प्रश्न खरा आहे. परंतु कापलेला सडा पुन्हा करवंद देत नाही, हेही तितकेच खरे.

एके काळी डिचोलीजवळ फळ होते, विस्तव होता, आणि माणसांमधील भिंतीमुळे केक नव्हता. आता ती भिंत पडली आहे. अशा वेळी विस्तव विझावा आणि फळही हरवावे, ह्यापरता दैवदुर्विलास कोणता? बुधवारच्या बाजारात द्रोण घेऊन बसणाऱ्या बाईकडून वैशाखात मूठभर करवंदे घ्यावीत आणि एकदा तरी झाकणावर निखारे ठेवून पाहावे. देवालय नदीपलीकडे हलविणाऱ्या माणसांनी जे जपले, त्यात ही आचही होती.